चष्म्याआधीची सही

पाचशे माणूस येणार, असं तोकोन आठवडाभर गावाला सांगत होता. आमंत्रणं दीडशे होती. पण तोकोननं पस्तीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केलेली, आणि कारा-बुलुनमध्ये जनावरांचा डॉक्टर एका मेंढीकडे बघून कळप सांगतो. शिवाय आई ऐंशीची होते म्हणजे काय थट्टा आहे? अंगणात नमद्याचे दोन गोल तंबू उभे राहिले होते, चहाच्या पाण्याचे तीन समोवार धुमसत होते, छपरावर जर्दाळू वाळत होते, आणि तोकोनची बायको, घरातली थोरली सून बुरुलसुन, पहाटेपासून बोरसोक तळत होती. पिठाचे ते फुगीर चौकोन तिनं इतके तळले होते की कढईतलं तेलही आता नाइलाजानं उकळत होतं.

नऊच्या सुमारास पहिली पाहुणी आली. तिला आमंत्रण नव्हतं. पलीकडच्या गावची विधवा बुबुश ती. एक गुडघा धड, दुसरा पिकल्या टोमॅटोसारखा. तिनं पत्र्याची एक डबी बुरुलसुनच्या पुढ्यात, बोरसोकच्या ढिगाशेजारी ठेवली.

"तुझ्या सासूनं सांगितलं म्हणून लावलं," ती म्हणाली. "आता तिलाच विचार, हे उतरवायचं कसं."

डबीवर सासूचाच फोटो होता, आपाचा. पांढरा रुमाल, डावी भुवई किंचित वर; तीच भुवई, जिच्या नजरेखाली बुरुलसुननं अडतीस वर्षं चहा ओतला होता. खाली लिहिलं होतं: मी सायराकान, वय शहाण्णव. आयुष्यभर लोकांची हाडं बसवली, सगळी मेहनत फुकट गेली. या मलमानं मात्र तीन दिवसांत माझी पाठ सरळ झाली.

बुरुलसुननं ते दोनदा वाचलं, मनातल्या मनात. मोठ्यानं वाचायची सोयच नव्हती. सासरच्या थोरांची नावं सुनेनं तोंडातून काढायची नसतात, आणि बुरुलसुन त्या बाबतीत गावात नावाजलेली. सायरा म्हणजे पाखराचं गाणं, तो शब्दही तोंडी यायला नको, म्हणून लग्न होऊन आल्या दिवसापासून तिच्या लेखी पाखरांनी गाणं सोडलं होतं. ती नुसती बडबडत.

वय तर सोळा वर्षांनी फुगवलेलं; आणि आपाची पाठ वाकडी होती कधी? ती काठीसारखी ताठ होती. ती सिनिकची, म्हणजे हाडं बसवणारी. तळ्याच्या दक्षिण काठावर निखळलेला एक खांदा असा नव्हता जो तिच्या हाताखालून गेला नव्हता. एकदा तिनं एका घोड्याचा लंगडा पाय बसवला, तर पुढल्या वर्षी तो घोडा दुसऱ्या एका लंगड्याला घेऊन फाटकाशी येऊन उभा राहिला, असं तोकोन सांगे. आपा त्यात एवढीच दुरुस्ती करी की तो घोडा नव्हता, घोडी होती. घोड्याला एवढी अक्कल नसते.

डबीचं कुणी आपाला सांगू नये असं बुरुलसुननं ठरवलं आणि ते ठरवून होईपर्यंत धाकट्या जावेनं सांगूनही टाकलं. ही मीरगुल, आदल्या दिवशी बिश्केकहून आलेली, हातात सतत फोन. तिनं शोधून काढलं की डबी तर काहीच नाही, फोनवर आपा चक्क बोलतेय. ओठ हलतायत, भुवई हलतेय आणि भाषा अस्खलित रशियन. खऱ्या आपाला रशियनचे तीनच शब्द येत: पाव, बस, आणि तिसरा सुनांसमोर म्हणायचा नव्हता.

आपानं ते शेवटपर्यंत पाहिलं. फोन परत केला, हात पुसले, आणि अंगणाच्या टोकाला असलेल्या आपल्या हाडांच्या खोलीत जाऊन बसली. बुरुलसुन मागोमाग गेली तेव्हा ती विलोच्या फळ्या, ज्या मोडक्या हातापायांना बांधायच्या असतात, एकीवर एक रचत होती.

"माझ्या तोंडून माझ्याच हातांना शिवी गेलीय," ती म्हणाली. "ती परत घेतल्याशिवाय मी मानाच्या जागी बसणार नाही. मेंढ्या शिजवा, खा. मला बोलवू नका."

आपा एकदा नाही म्हणाली की डोंगरानं बाजूला व्हायचं असतं. आणि तिला वाटत होतं ते खोटंही नव्हतं. शेजारचा रिस्पेक मनगट मुरगळून सकाळीच आला होता. साठ वर्षं आपाचाच हात त्याचं सगळं सरळ करत आलेला. त्यानं बुबुशचा गुडघा पाहिला, डबी पाहिली, मनगट खिशात घातलं आणि हवापाण्याबद्दल बोलून निघून गेला.

मोठ्या तंबूत घरची माणसं जमली. तोकोनचा बेत साधा होता. तीन चुलतभाऊ घ्यायचे, तालुक्याच्या बाजारात जायचं, मलमवाल्याला गाठायचं आणि तेच मलम त्याला नखशिखांत लावायचं. बुरुलसुननं विचारलं की मग रात्री त्याला सोडवायला कोण येणार. त्यावर तोकोन म्हणाला की पोलीसठाण्यातला अंमलदार त्याचा वर्गमित्र आहे. मग त्याची नजर मीरगुलकडे वळली. फोटो काढायची खोड या घरात कुणाला आहे, हे त्यानं छताला विचारलं. चुलतभावांनीही छताकडे पाहिलं. मीरगुलचा नवरा गाडी लावायला गेला होता. घरात भांडण निघालं की तो गाडी लावायला जाई आणि भांडण मिटल्यावरच त्याला जागा सापडे.

मीरगुल शहरची, ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. आपण टाकलेल्या प्रत्येक फोटोत या घरातले लोक धाकट्या सुनेलाच कापून टाका म्हणत आले, ती म्हणाली. आणि आपल्याला आपाचा चेहरा विकायचाच असता तर मलमाला कशाला, टॅंकच्या कारखान्याला विकला असता. कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

बुरुलसुन एकच पेला तिसऱ्यांदा पुसत होती. तो तिनं इतका पुसला की तिच्या लेकीच्या ते लक्षात आलं.

सेझिम, तोकोन आणि बुरुलसुनची मुलगी, वय सत्तावीस. वकील झाली तेव्हा तोकोननं गावभर सांगितलं होतं की न्यायाधीश झाली. ती वही उघडून बसली होती आणि एकच गोष्ट पुन:पुन्हा विचारत होती: आजीनं कुणाला, कुठे, कधी काही लिहून दिलंय का? माणसाचा चेहरा, नाव, जन्मतारीख ही त्याची स्वतःची असतात. त्याला विचारल्याशिवाय कुणी वापरायची नसतात. पण विचारलं होतं असा कागद जर त्यांच्याकडे निघाला, तर आधी तो कागद बघावा लागेल.

मीरगुलनं डोळे पुसले. खरंच पुसले. आणि बुरुलसुनला ते सोसेना.

"मी नेलं होतं आपांना," ती म्हणाली. "जावेला काही म्हणू नका. मी नेलं होतं."

मागच्या ऑक्टोबरात गावच्या क्लबात फुकट चष्म्यांचं शिबिर लागलं होतं. शहरातली एक गोड मुलगी टेबलामागे बसलेली. आधी यादीसाठी पासपोर्टावरचं नाव आणि फोटो, मग कागदावर सही, मग चष्मा. कागद चांगला दोन पानांचा होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा. बुरुलसुननं तो वाचायचा प्रयत्न केला होता, पण तिला दिसेना. दिसत नव्हतं म्हणूनच तर दोघी तिथं गेल्या होत्या. सही झाली, चष्मा मिळाला, आणि चष्मा डोळ्यांवर चढला तोवर कागद मुलीच्या पेटीत गेला होता.

मग मीरगुल जागेवरून उठली. आता ही जुने सगळे हिशोब चुकते करणार, अशी बुरुलसुनची खात्री झाली. मीरगुलच्या जागी ती स्वतः असती तर तिनं केले असते. पण मीरगुल तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिला चहा ओतला.

"एझे," थोरल्या जावेला म्हणतात तसं ती म्हणाली, "अर्धा तास मला चोर ठरू दिलंत. हे मी लक्षात ठेवणार आहे."

"ठेव," बुरुलसुन म्हणाली.

"बोरसोक द्या इकडं."

तिथून पुढं त्या दोघी एका बाजूला झाल्या, आणि तोकोनला कळलं की आता आपलं काही चालायचं नाही.

सेझिमनं डबीवरच्या नंबरवर फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडचा माणूस लोण्यासारखा बोलत होता. आजींनी स्वखुशीनं संमती दिलीय, सही आहे, हवी तर पाठवतो. त्यानं पाठवली. सेझिमनं फोनवर ती मोठी करून पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. अक्षर आजीचंच होतं, तिरकं, खुरपल्यासारखं. पण लिहिलं होतं: शारकान.

"ही सही सायराकानची नाही," सेझिम म्हणाली.

मग लोणी थोडं कडक झालं. चेहरा तर आजींचाच आहे ना? मग तुमच्या आजी नेमक्या कोण आहेत, हे आम्ही पासपोर्ट कचेरीत विचारावं का? का आपण दोघांनीही हा विषय इथंच ठेवायचा?

सेझिमनं फोन बंद केला. मग आई, काकू आणि लेक अशा तिघी हाडांच्या खोलीकडे निघाल्या. तोकोन मागून आला आणि दारातच उभा राहिला.

आपानं फोनवरची सही पाहिली. लपवलं काही नाही. उलट तिचा चेहरा असा झाला, जसा पंचाहत्तर वर्षं अंगणात पुरून ठेवलेलं काही कुत्र्यानं उकरून आणावं आणि ते अजून चांगलंच असावं.

"माझंच नाव ते," ती म्हणाली.

सायराकान ही तिची थोरली बहीण. दोन वर्षांची होऊन गोवरानं गेली. वर्षभरानं ही जन्मली, शारकान. नोंदणीची कचेरी तेव्हा दोन दिवसांच्या घोडेवाटेवर. बाप म्हणाला, घरात जन्माचा एक कागद आहे, नवाकोरा, पोरीनं जेमतेम वापरलेला. घोडा कशाला दमवायचा? दोन्ही पोरी, दोन्ही आपल्याच. तेव्हा बरीच माणसं असंच करत. म्हणून सातव्या वर्षी ती शाळेत गेली तेव्हा कागदावर दहाची होती आणि मास्तरांनी तिला थेट तिसरीत बसवलं. "पहिली-दुसरीत बेरीज शिकवतात म्हणे," आपा म्हणाली. "मला अजून येत नाही."

तोकोन दाराला धरून उभा होता. त्याच्या मनातलं गणित चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"म्हणजे आई ऐंशीची नाही?"

"सत्त्याहत्तर."

"आणि मी मेंढ्या कापून बसलो."

"मेंढी परत उभी करणं मला जमत नाही," आपा म्हणाली. "हाडं हवी तर बसवून देते."

मीरगुल हसू दाबता दाबता खाली वाकली. बुरुलसुनला मात्र हसू येईना. ती दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकली होती. अडतीस वर्षं. अडतीस वर्षं तिनं पाखरांना गाऊ दिलं नव्हतं, आणि ज्या नावाचा मान राखत आली ते नाव सासूचं नव्हतंच.

"आपा," तिनं विचारलं, "मग त्या मुलीला खरं नाव का दिलंत? साठ-सत्तर वर्षं कुणाला कळू दिलं नाहीत."

आपानं फळ्यांची चळत हलकेच सारखी केली. "तिनं विचारलं म्हणून," ती म्हणाली. "आजी, तुमचं नाव काय, असं माझ्याकडे बघत विचारलं. मला नावानं कुणी बोलावतं का? मुलांची मी आई, गावाची मी आपा, सुनांना नाव घेता येत नाही, म्हातारा होता तोवर 'अगं ए' म्हणायचा. नाव घेणारी एक माझी आई, ती गेली. वाटलं, एकदा लिहून बघावं. अजून येतंय का."

तोकोन आता घाबरला होता आणि घाबरला की तो शहाण्यासारखं बोलायचा. विषय इथंच ठेवावा, त्यानं सुचवलं. मलम संपेल, लोक विसरतील. उगाच कचेरीला कळलं तर लग्न कुणाचं, घर कुणाच्या नावचं, पेन्शन कुणी घेतली, आणि आम्ही भाऊ नक्की कुणाची मुलं, आईची का मावशीची?

"पेन्शन मी तीन वर्षं आधी घेतली," आपा प्रामाणिकपणे म्हणाली. "ताईनं दिली असं समजले."

सेझिमनं डोळे मिटले, उघडले. तेही सांगावं लागेल, ती म्हणाली, आणि विचारलं तर खरं तेच सांगायचं. पण बाबांना वाटतं तसं हे भूत नाही. हे कागद याच बाईचे आहेत, एवढं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. गावातली जुनी माणसं साक्ष देतील, शाळेचं दप्तर असेल. दोन दिवसांची वाट बापानं टाळली, याला कुणी पोरीची लबाडी म्हणत नाही. उलट मलमवाल्याच्या हातात काय आहे? चष्म्याच्या यादीसाठी दिलेला फोटो. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची नसते, कागदावर कितीही बारीक लिहिलं तरी. दिलेली संमती माणूस केव्हाही परत घेऊ शकतो. आणि न बोललेलं वाक्य माणसाच्या तोंडी घालायची परवानगी तर जगातला कुठलाच कागद देत नाही. फक्त तक्रार आजीची हवी, तिच्या खऱ्या हकिगतीसकट. अर्धी लपवली, तर उरलेली अर्धी तो मलमवाला सांगेल.

आपानं फळ्यांची चळत बाजूला सारली. बाहेर कुणीतरी समोवारात कोळसे टाकले.

"मी कुठल्या तोंडानं तक्रार करू?" ती शेवटी म्हणाली. "त्यानं मला न विचारता माझा चेहरा घेतला. मी ताईला न विचारता तिचं नाव घेतलं. आयुष्यभर वापरलं."

सेझिमकडे याला कलम नव्हतं. मग बुरुलसुन बोलली. कशी बोलली ते तिला स्वतःलाही कळलं नाही.

"आपा, दोन वर्षांची पोर ती. तुम्ही नसता तर त्या नावाची कुणाला आठवण राहिली असती? तुम्ही ते घेऊन गावोगाव गेलात, लोकांची हाडं बसवलीत. त्या माणसानं तुमच्या चेहऱ्यानं बुबुशचा गुडघा भाजला. हे दोन्ही एकच का?"

आपाची भुवई वर गेली. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच ती भुवई वर जाऊन बुरुलसुनला भीती वाटली नाही.

"लिही," आपा नातीला म्हणाली. "दोन्ही नावं लिही."

सेझिमनं आधी मलमवाल्याला पुन्हा फोन केला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की पासपोर्ट कचेरीत विचारायची तसदी त्यांनी घेऊ नये, आजी स्वतःच जाऊन सांगणार आहे. तक्रार लोकांच्या माहितीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत जाईल, आणि संमती या क्षणापासून परत घेतली आहे. हातातली काठी गेली की कुत्र्याशी कसं बोलायचं ते माणसाला सुचत नाही. मांस शिजायच्या आत फोनवरची रशियन आपा नाहीशी झाली. संध्याकाळपर्यंत दुकानातल्या डब्या उचलतो, असं लोणी पुन्हा पातळ होऊन म्हणालं, आणि खुलासाही छापू की आजींनी हे मलम कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मीरगुलनं तो खुलासा तिथल्या तिथं लिहून दिला, आपल्या शब्दांत. 'टॅंक' हा शब्द सेझिमनं काढून टाकला.

पण आपा अजून खोलीतच होती, कारण तक्रार पुरी झाली नव्हती. शिबिरात आपाबरोबर कोण होतं त्याचा जबाब हवा होता. सेझिमनं फोनचा कॅमेरा आईवर धरला. जबाब देणारीनं तोंडानं सांगायचं, कुणाला नेलं, तिचं नाव काय, सही कुणी केली.

बुरुलसुननं सुरुवात चांगली केली. ऑक्टोबर, क्लब, चष्मे. मग ती नावापाशी आली आणि थांबली. 'या घरची थोरली' म्हणाली. 'हाडं बसवणारी' म्हणाली. सेझिमनं मान हलवली: आई, कचेरीला नाव लागतं. बुरुलसुननं ओठ उघडले, मिटले. तोकोननं मधे पडून आपण सांगतो म्हटलं. तो शिबिरात नव्हता, त्याला बाहेर पाठवण्यात आलं.

आपा हे बघत होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "मी परवानगी देते. एकदाच. या कामापुरती. बाकी कुठं वापरायचं नाही."

"कुठलं घेऊ, आपा?" बुरुलसुननं विचारलं.

"माझं."

बुरुलसुन कॅमेऱ्याकडे वळली नाही. ती सासूकडेच वळली, आणि कचेरीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली:

"शारकान."

"ओ," आपा म्हणाली. खेळता खेळता घरातून हाक आलेल्या पोरीसारखी, पटकन, विचार न करता. मग तिनं रुमाल सारखा केला आणि मानाच्या जागी बसायला उठली.